फ्लॉपीतलं लोखंडी दार

या अंकाच्या संपादकांची हार्ड डिस्क मागे एकदा आमच्या दुकानात आली होती. अंकाचं सगळं साहित्य तिच्यात होतं आणि ती नुसती टकटक वाजत होती. ते साहित्य निघालं. तेव्हापासून त्यांचा समज आहे की माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच असणार. "कामातले अनुभव लिहा, गमतीची गिऱ्हाइकं असतील, अवघड केसेस असतील," असं त्यांनी सांगितलं. आहेत. एका गृहस्थांनी पुरात भिजलेला लॅपटॉप तांदळाच्या पोत्यात तीन आठवडे पुरून ठेवला होता. आम्ही तो उघडला तेव्हा आत किडे निघाले. एक नवरदेव लग्नाच्या फोटोंचं कार्ड घेऊन आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सगळं काढा, पण पैली पंधरा मिंटं काढू नका." अशा गोष्टी मी लिहू शकते, आणि त्या लिहिल्या तर मी बरी दिसेन. पण लिहायला बसले की मला आप्पाच आठवतात.

आमचं दुकान कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गल्लीत आहे. बंद पडलेले संगणक दुरुस्त करणं आणि गेलेली माहिती परत काढणं हे आमचं काम. मालकांना सगळे दादा म्हणतात. गिऱ्हाईक पायरीवर दिसलं की दादा आतूनच ओरडतात, "या की पावणं, काय मेलंय?" ते मला 'इंग्लिश मॅडम' म्हणतात. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेत इंग्रजी बोलले, घरी मराठी बोलले, आणि दोन्हीकडे कमीच बोलले. दुकानात मला मागचं टेबल मिळालं याचा मला पहिल्या दिवसापासून आनंद आहे. मशीन काही विचारत नाही.

आमच्याकडे प्रत्येक कामाचं एक कार्ड भरतात: गिऱ्हाईकाचं नाव, वस्तू, तक्रार, काय करून हवं. दादा नसले की कार्ड मी भरते. तेव्हा मी ते इंग्रजीत भरायची, कारण इंग्रजीत चार शब्दांत व्हायचं आणि गिऱ्हाईकाशी फार बोलावं लागायचं नाही.

आप्पा आले त्या दिवशी दादा गगनबावड्याच्या एका शाळेत संगणक बसवायला गेले होते. पांढरी टोपी, पायजमा, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर देतात तो काळा चष्मा. आप्पा शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्न मेकर होते. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा असतो, त्याचा आधी लाकडी नमुना करणारे. घर गारगोटीला. पिशवीतून त्यांनी स्टीलचा डबा काढला. डब्यात लग्नपत्रिकेच्या पाकिटात घातलेल्या दोन फ्लॉपी होत्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते: फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी प्लास्टिकची चपटी चौकोनी डबी. पूर्वी संगणकातलं लिखाण तिच्यावर ठेवत. त्यातल्या एकीत आज आपल्या फोनमधला एक फोटोही मावणार नाही. डबा उघडला तसा डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

"ह्यात खेळ हाय," आप्पा म्हणाले. "चित्रांचा न्हवं. लिवल्याला. तो सांगतोय, तुमी अमक्या खोलीत हाय, फुडं काय करू? मग आपुन लिवायचं, उत्तरंला जा, दिवा घे. इंग्लिशमदी. आमचं मशीन बंद पडलंय. नातवानं हा नवा लॅपटॉप दिलाय, ह्याच्यावर चालतोय का बगा. जितं थांबलंय तितनं."

मी कार्डावर इंग्रजीत लिहिलं: जुना गेम, नव्या लॅपटॉपवर चालू करणे. 'जिथं थांबलंय तिथनं' हे मी लिहिलं नाही. ते मला बोलण्याच्या ओघातलं वाटलं. विचारायला हवं होतं. आप्पा पायरीवर थोडा वेळ उभे राहिले होते, कुणी विचारलं तर सांगावं अशा तऱ्हेनं. मी मान खाली घालून पावती फाडली.

आता काम काय असतं ते सांगते. अशा खेळात चित्र नसतं, आवाज नसतो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय आहे, ते तो सांगतो. तुम्ही दोन-तीन शब्दांत हुकूम लिहायचा. कधी तो ऐकतो, कधी 'हे मला समजलं नाही' म्हणतो. आजच्या संगणकाला असा जुना प्रोग्राम दिला तर तो घेतच नाही. म्हणून नव्या संगणकाच्या आत एक खोटा जुना संगणक तयार करतात. एक छोटा प्रोग्राम असतो, तो जुन्या मशीनचं सोंग घेतो. खेळाला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. नव्या मशीनला मुद्दाम हळू चालायला लावावं लागतं, नाहीतर मजकूर वाचायच्या आत सरकून जातो. हे काम मला मनापासून आवडतं.

या धंद्यातला पहिला नियम दादांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. "आधी कॉपी, मग काम. मूळ वस्तूवर हात मारायचा न्हाय. भटजीनं मुहूर्त काढून दिला तरी न्हाय." फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक बारीक खिडकी असते. तिची पट्टी सरकवून खिडकी उघडी केली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. नखानं होणारं काम आहे. आणि पूर्ण फ्लॉपीची कॉपी करायला दोन-तीन मिनिटं लागतात.

मी पट्टी सरकवली नाही आणि कॉपीही केली नाही. नुसतं उघडतंय का बघू, असं म्हणून फ्लॉपी तशीच ड्राइव्हला लावली. दुपार होती, दुकानात कुणी नव्हतं. खेळ पहिल्या फटक्यात उघडला. एका बंद पडलेल्या दीपगृहाची गोष्ट होती. रखवालदार नाहीसा झालेला आणि तुम्ही त्याला शोधायला आलेले. खेळानं विचारलं, मागचा डाव पुढे चालू करायचा का? मी हो म्हटलं. अशा खेळात आपण थांबलो ती जागा साठवून ठेवता येते, आणि साठवताना तिला एका ओळीचं नाव द्यायचं असतं. या फ्लॉपीवर अशी एकच जागा होती. तिचं नाव पडद्यावर आलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी: 'एकट्याने पुढे जाऊ नये'. घाटातल्या पाटीसारखं. मला हसू आलं.

डाव उघडला. जिन्याखालच्या तळघरात एक गंजलेलं लोखंडी दार, हातात दोरी, किल्ली आणि तेलाचा डबा. खेळात किती चाली झाल्या तो आकडा वर कोपऱ्यात दिसत होता. हजाराच्या वर होता. इतक्या चाली खेळून कुणीतरी या दारापाशी अडकलं होतं, आणि मला दहा मिनिटांत कळलं की किल्ली नव्हे, तेल लागणार. बिजागरीला तेल घातलं. दार उघडलं. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतच टाळी वाजवली. पुढे काळोखात पाणी होतं. पाण्यात उतरण्याआधी सवयीनं डाव साठवला. खेळानं नाव विचारलं. मी लिहिलं, 'टेस्ट'.

एंटर दाबल्यावर फ्लॉपीचा ड्राइव्ह कुरकुरला. तो आवाज लिहिण्याचा असतो. वाचण्याचा वेगळा. मला तो ओळखता येतो.

नंतरचे दोन दिवस मी आमच्याकडची सगळी अवजारं वापरून पाहिली. जळक्या दुकानातल्या डिस्कमधून मी लोकांची बिलं काढून दिली आहेत. पण पुसलेल्या गोष्टी निघतात त्या बाजूला सरकवलेल्या असतात म्हणून. हा खेळ एका वेळी एकच डाव ठेवायचा, त्यामुळे इथे नवं लिखाण बरोबर जुन्याच जागेवर बसलं होतं, अक्षरावर अक्षर. आप्पांचा डाव गेला होता. मी 'टेस्ट' नावाचा डावही पुसून टाकला. मग पट्टी सरकवली. मग कॉपी केली. खेळ लॅपटॉपवर सुरुवातीपासून उत्तम चालत होता. कार्डावर जे लिहिलं होतं ते काम झालं होतं.

आप्पा आले तेव्हा दादा दुकानात होते. आप्पांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पडद्यावर पहिली खोली बघून म्हणाले, "हे पैल्यापासनं झालं की. आमचा डाव?"

मी म्हटलं, "फ्लॉपीचा तेवढा भाग खराब होता. आला तेव्हाच."

"फ्लॉपीच ती पावणं," दादा मदतीला आले. "आजून वाचती ह्येच लई झालं. ह्या पोरीनं दोन दिस मान मोडून काम केलंय."

आप्पांनी डब्यात बघितलं. "ट्रंकंत ठिवल्या हुत्या. डांबराच्या गोळ्या घातलेल्या, कसर लागंल म्हणून. त्यानं झालं आसंल का?"

डांबराच्या गोळ्यांनी काही होत नाही. मला ते पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, "असेल."

खोटं मी आधीही बोलले असेन. पण एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात माझा अपराध देऊन मोकळी झाले, असं त्याच दिवशी केलं.

मग आप्पांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली. फौंड्रीतल्या ड्रॉइंगच्या कागदाच्या पाठीवर दीपगृहाचा नकाशा होता. सगळ्या खोल्या, जिने, तळघर. पट्टीनं, मापात, पेन्सिलीनं. कडेला बारीक, वळणदार अक्षरात मराठीत नोंदी: 'इथे पायरी निसटते', 'किल्ली कपाटाच्या मागे', 'इथे आप्पा पडले, दोनदा'.

"ह्ये अक्षर बाईंचं," आप्पा म्हणाले.

बाई म्हणजे त्यांची बायको. गारगोटीला शाळेत इंग्रजी शिकवायची. शाळेतली मुलं बाई म्हणायची म्हणून आप्पाही बाईच म्हणायचे. फौंड्रीत मशीन बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं जाताना हा खेळ दिला होता. ऑफिसातला जुना संगणक आप्पांनी विकत घेतला. आठवडाभर आप्पा शिरोलीत, सुट्टीला घरी. सुट्टीच्या दिवशी बाई वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या, आप्पा नकाशा काढायचे, आणि काय करायचं ते दोघं भांडून ठरवायचे. अशी कित्येक वर्षं. दारापाशी अडकले आणि बाई आजारी पडल्या. जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"नकाशा हाय म्हंजे दारापतोर परत जाता ईल," आप्पा म्हणाले. "पर मला इंग्लिश वाचाय ईत न्हाय. अक्षरं कळत्यात, अर्थ कळत न्हाय. तू वाचशील का बाळ? मी गुरवारी येत जाईन."

मी काही बोलायच्या आत दादा म्हणाले, "वाचंल की! न वाचून करती काय? इंग्लिश मॅडम हाय आमची."

आणि अशा रीतीनं दर गुरुवारी दुपारी आप्पा गारगोटीहून एसटीनं येऊ लागले. माझ्या टेबलाशेजारी स्टूल ठेवायचे, गुडघ्यावर नकाशा. मी वाचायची. पहिल्या गुरुवारी मी म्हटलं, "तुम्ही एका गोलाकार कक्षामध्ये उभे आहात. येथे आर्द्रता आहे."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "काय हाय?"

"आर्द्रता."

"आगं, वल हाय म्हण की. बाई म्हणायच्या, 'गोल खोली हाय, भितीस्नी वल आलीया, आपल्या न्हाणीगत.' मग मला दिसायचं."

मला माझी मराठी ऐकू आली तेव्हा. पाठ्यपुस्तकासारखी, इस्त्री केलेली. पुढच्या वेळी मी तयारी करून आले. आईला विचारून. तिसऱ्या गुरुवारी जिना 'लोखंडाचा, पाय ठिवला की वाजतोय' असा मी सांगितला आणि आप्पांनी मान डोलावली. मी आयुष्यात कुणाशी इतकं बोलले नव्हते. ते चहा मागवायचे, बशीत ओतून प्यायचे, फौंड्रीच्या गोष्टी सांगायचे. ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतं, म्हणून लाकडी नमुना नेहमी थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी त्यांच्याकडे खास पट्टी होती, तिच्यावरचा इंच आपल्या इंचापेक्षा मोठा. "नवं पोरगं सादी पट्टी घेऊन बसायचं," ते म्हणायचे. "आन मग सगळा माल भंगारात. मी शिव्या द्यायचो न्हाय. नुसतं त्याच्या हातात त्यो भंगार माल द्यायचो, म्हणायचो, धर वाईच."

आणि मधूनच, एखाद्या खोलीत वाट सापडत नसली की, नकाशावरून बोट फिरवत आप्पा म्हणायचे, "गोळ्या घालाय नको हुत्या बग."

एकदा नव्हे, दर गुरुवारी. मी दर वेळी पडद्याकडे बघायची. एकदा तर मी म्हटलं, "जाऊ दे आप्पा, तुम्हाला काय माहीत?" मोठ्या मनानं माफ केल्यासारखं. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

पाचव्या गुरुवारी आम्ही दारापाशी पोचलो. तेच तळघर, तीच दोरी, किल्ली, तेलाचा डबा. फक्त वर कोपऱ्यातला चालींचा आकडा लहान होता. नकाशा असल्यानं आमचं कुठे चुकलं नव्हतं, फार हिंडावं लागलं नव्हतं. आप्पांनी नकाशाच्या कोपऱ्यात बाईंनी लिहिलेला आकडा बघितला, पडद्यावरचा बघितला.

"आता ठिवू या हितं," ते म्हणाले. "साठव. दार फुडच्या खेपंला."

मी हुकूम दिला. आधीच्या गुरुवारी आप्पा नकाशा गुंडाळेपर्यंत मी नुसती तारीख घालून साठवून टाकायची; या वेळी ते पडद्याकडे बघत होते. खेळानं नाव विचारलं.

"ह्ये नाव बाई घालायच्या," आप्पा म्हणाले. "मला बगू द्यायच्या न्हाईत. 'तुमी तिकडं बगा' म्हणायच्या. मी बी बगायचो तिकडं. आमचं एक भांडाण हुतं. फौंड्रीची सुट्टी सोमवारी, त्या शाळंला गेल्या की मी गुपचूप मशीन लावून फुडं जायाचो. उत्तर, दक्षिण एवढं यायचं मला लिवाय. आन मग कुटंतरी पडून मरायचो. त्यावरनंच कायतरी लिवलं आसणार. काय लिवलं हुतं कुणास ठाव." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दार ऱ्हायलं तर ऱ्हायलं. तेवढं कळाय पायजे हुतं. माझ्या हातानं ग्येलं."

पडद्यावर चौकोन लुकलुकत होता. पुढे दादा एका गिऱ्हाईकाशी चार्जरच्या किमतीवरून हुज्जत घालत होते. मला ती ओळ माहीत होती. जगात आता ती फक्त मलाच माहीत होती. सांगितली तर ती माझ्याकडे कुठून आली हेही सांगावं लागणार होतं. मी एखादं नाव लिहून टाकू शकले असते. 'दार', किंवा 'गुरुवार'. आप्पांना चाललं असतं.

मी लिहिलं. एकेक अक्षर, त्यांना दिसेल असं. मग खुर्ची बाजूला घेतली.

आप्पा वाकले. बोट पडद्याला टेकवून अक्षरं जुळवू लागले. "ए... क... ट्या... नं..." पुढे. "फु... पुढे..." शेवटपर्यंत गेले. परत पहिल्यापासून वाचलं. या वेळी अडखळले नाहीत. त्यांच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला आणि मध्येच थांबला.

"ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"फ्लॉपीत होतं," मी म्हटलं. "फ्लॉपी चांगली होती, आप्पा. डाव उघडला होता. मी पुढे गेले आणि त्याच्यावरच साठवलं. माझ्यामुळं पुसलं."

"म्हंजे गोळ्यांनी न्हाय?"

"नाही. गोळ्यांनी काही होत नाही."

त्यांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. कोल्हापुरात माणूस ओरडतो आणि मोकळा होतो. आप्पा हळू बोलले. "पुसलंस ते पुसलंस. हाताखालनं जातंय. पर पाच गुरवार मी म्हणतोय, माझ्या हातानं ग्येलं, माझ्या हातानं ग्येलं. आन तू ऐकून घेतीस व्हय?"

 

त्यांनी नकाशा गुंडाळला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि गेले. दादा म्हणाले, "आज लवकर ग्येलं पावणं?" मी म्हटलं, "एसटी होती."

दोन गुरुवार आप्पा आले नाहीत. दोन्ही गुरुवारी मी स्टूल मांडून ठेवलं आणि पाच वाजता उचललं. मधल्या काळात दुकानात एक गोष्ट बदलली. कार्ड मी मराठीत भरायला लागले, गिऱ्हाईक बोलेल तसं. 'आईचा आवाज हाय त्यात, बाकी काय नगं.' 'फोटो गेले तरी चालतील, फक्त शेतावरचा राहू दे.' दादांनी एक कार्ड वाचून विचारलं, "ही काय कथा लिवतीस काय?" मी म्हटलं, हो. खरं कारण सांगितलं नाही. फ्लॉपी मुळातच खराब होती असं दादांना अजून वाटतं. ते हा अंक दरवर्षी घेतात. दादा, म्हणून इथे लिहिते आहे. मी कॉपी केली नव्हती.

तिसऱ्या गुरुवारी आप्पा पायरीवर उभे. दादा आतून ओरडले, "या की पावणं!" आप्पा आले, स्टूल ओढलं, नकाशा उघडला.

"तू उगडलंस न्हवं ते दार?"

"हो."

"कसं त्ये सांगायचं न्हाय. आवाज काडायचा न्हाय. मी सांगीन त्ये लिव, तो काय म्हणतोय त्ये वाच. बास."

त्या दिवशी त्यांनी किल्लीनं प्रयत्न केला, दोरी कडीला बांधून ओढली, दाराला लाथ मारली, 'दारा, उघड' असंही लिहायला लावलं. प्रत्येक वेळी मी खेळाचं उत्तर वाचून दाखवलं, नीट, बाईंच्या मराठीत जमेल तेवढं. तेलाच्या डब्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. लहानपणापासून गप्प राहण्याची सवय आहे मला, पण इतकं जड कधी गेलं नव्हतं.

हे लिहिते आहे तोवर दार उघडलेलं नाही. आप्पा दर गुरुवारी येतात. पूर्वीसारखा चहा मागवतात, पण फौंड्रीच्या गोष्टी कमी सांगतात. मला ते बाळ म्हणायचे, आता म्हणत नाहीत. साडेचार वाजले की नकाशा गुंडाळतात आणि म्हणतात, "ठिव." मी हुकूम देते. खेळ नाव विचारतो.

"त्येच," आप्पा म्हणतात, आणि या वेळी तिकडं न बघता, माझ्या बोटांकडे बघत, ओळ पुरी होईपर्यंत उभे राहतात.